पासवर्ड बरोबर, तरीही प्रवेश नाही

एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएल डेटाबेसची ८.० ही आवृत्ती सर्वांच्या वापरासाठी जाहीर झाली. ज्यांनी सर्व्हर नवा केला पण प्रोग्राम जुनाच ठेवला, त्यांतल्या अनेकांना मग एक अनोळखी एरर दिसू लागली. क्रमांक १२५१. तिचा अर्थ असा : सर्व्हर ज्या पद्धतीने ओळख पटवायला सांगतो आहे ती क्लायंटला येत नाही, क्लायंट अद्ययावत करा. युजरचं नाव बरोबर होतं. पासवर्ड बरोबर होता. सर्व्हरबरोबर आलेल्या कमांड लाइनवर तोच पासवर्ड टाइप केला की डेटाबेस सुरळीत उघडत होता. अशा वेळी पासवर्ड बदलून पाहणं, युजर काढून पुन्हा तयार करणं, सगळं पुसून नव्याने बसवणं हे उपाय सुचतात. त्यांतल्या एकानेही काम भागत नव्हतं, कारण बिघाड पासवर्डमध्ये नव्हताच.

बिघाड होता ड्रायव्हरमध्ये. आपला प्रोग्राम जावात, पायथनमध्ये किंवा पीएचपीत लिहिलेला असतो. डेटाबेस सर्व्हर स्वतःच्या ठरावीक भाषेत, म्हणजे स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये बोलतो. या दोघांमधलं बोलणं जो घडवून आणतो तो ड्रायव्हर. मायएसक्यूएलमध्ये तोवर ओळख पटवण्याची ‘नेटिव्ह पासवर्ड’ ही पद्धत चालत होती. ती एसएचए-१ या जुन्या गणितावर उभी होती, आणि दोन जणांचा पासवर्ड एकच असेल तर सर्व्हरमध्ये साठवलेली त्याची खूणही तंतोतंत एकच दिसे. ८.० पासून नव्या युजरसाठी ‘कॅशिंग एसएचए-२’ ही पद्धत मूळ ठरली. ती एसएचए-२५६ वापरते, प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी यादृच्छिक भर घालते आणि गणित हजारो वेळा फिरवते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होतं. पण ड्रायव्हरला ही पद्धत शिकवलेली नसेल, तर त्याच्या हातात अचूक पासवर्ड असूनही तो काही करू शकत नव्हता. पीएचपीमध्ये ही पद्धत ७.४ या मालिकेत नीट रुळली. नोडच्या जगात ‘मायएसक्यूएल’ नावाचं जुनं पॅकेज तिच्याविनाच राहिलं आणि लोक ‘मायएसक्यूएल२’ या पॅकेजकडे वळले.

या प्रकरणात सांगायचं आहे ते इतकंच : कनेक्शनची एरर आपण किती दूर पोचलो ते सांगते. प्रोग्राम आणि डेटाबेस यांची गाठ एका फटक्यात पडत नाही. आधी ड्रायव्हर सापडावा लागतो, मग सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, मग सुरक्षित वाहिनी, मग ओळख, आणि शेवटी अधिकार. प्रत्येक पायरीची एरर वेगळी असते. ती वाचून पायरी ओळखली, की तपासण्याच्या जागा दोन-तीनच उरतात.

पहिली पायरी : ड्रायव्हर आहे का?

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं आणि सन मायक्रोसिस्टम्सने १९९७ मध्ये जावासाठी जेडीबीसी. दोन्हींमागचा विचार एकच होता. प्रोग्रामने एका ठरावीक रीतीने विचारावं, आणि ओरॅकल की मायएसक्यूएल हा फरक ड्रायव्हरने सांभाळावा. त्यामुळे पहिली अडचण डेटाबेसपर्यंत पोचण्याआधीच, आपल्याच मशीनवर येऊ शकते.

जावामध्ये ती ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ या शब्दांत दिसते. ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथवर नाही, किंवा कनेक्शनच्या यूआरएलची सुरुवात चुकीची लिहिली आहे, हे त्याचे नेहमीचे अर्थ. विंडोजवर ओडीबीसी वापरताना आयएम००२ हा कोड येतो : दिलेल्या नावाचा डेटा सोर्स सापडला नाही. इथे खूप जण चक्रावतात, कारण त्यांनी तो डेटा सोर्स स्वतः तयार केलेला असतो आणि तो डोळ्यांसमोर दिसतही असतो. ६४ बिटच्या विंडोजवर ओडीबीसीची दोन वेगळी दालनं आहेत, एक ३२ बिट प्रोग्रामसाठी आणि एक ६४ बिटसाठी. भर म्हणजे ६४ बिटचं साधन ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये असतं आणि ३२ बिटचं ‘सिसवाव६४’ या फोल्डरमध्ये. नावांवरून नेमका उलटा समज होतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३२ बिट असेल आणि ड्रायव्हर ६४ बिट, तर दोघे एकमेकांना कधीच सापडणार नाहीत. आयएम०१४ हा कोड हीच विसंगती उघड बोलून दाखवतो.

या पायरीवर एक गोष्ट पक्की समजावी : एकही बाइट सर्व्हरकडे गेलेला नाही. तेव्हा सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायचा नाही आणि पासवर्डलाही नाही.

दुसरी पायरी : नाव, पत्ता, पोर्ट

ड्रायव्हर सापडला की तो सर्व्हर शोधायला निघतो. त्याला मशीनचं नाव आणि पोर्ट लागतो. पोस्टग्रेस ५४३२ वर ऐकतो, मायएसक्यूएल ३३०६ वर, एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर आणि ओरॅकल १५२१ वर. कोणी मुद्दाम बदलला नसेल तर हेच आकडे.

या टप्प्यावरच्या दोन एरर सारख्या वाटतात, पण त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरून नकार आला. मशीन चालू आहे, तिथपर्यंतची वाट मोकळी आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. फोन लावल्यावर समोरच्याने लगेच कट करणं आणि रिंग वाजून वाजून बंद होणं, यांत जो फरक आहे तोच हा. नकार आला तर सर्व्हरची सेवा चालू आहे का, पोर्ट तोच आहे का हे पाहायचं. उत्तर आलं नाही तर बहुतेक वेळा मधला फायरवॉल पाकिटं गिळतो आहे. क्लाउडवर असाल तर तिथले नेटवर्कचे नियम पाहायचे.

सर्व्हर चालू असूनही बाहेरून नकार येण्याचं एक साधं कारण असतं. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरून येणाऱ्यांनाच ऐकतो, उबंटूवर बसवलेला मायएसक्यूएलही तसाच. बाहेरून यायचं असेल तर सर्व्हरला तसं सांगावं लागतं. डॉकर वापरणाऱ्यांना याच जातीचा दुसरा खड्डा भेटतो : कंटेनरच्या आतून ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः. शेजारच्या कंटेनरमधला डेटाबेस तिथे सापडत नाही. त्याला त्याच्या सेवेच्या नावानेच हाक मारावी लागते.

लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट ‘लोकलहोस्ट’ आणि ‘१२७.०.०.१’ यांनाही एक मानत नाही. पहिल्याला तो युनिक्स सॉकेटच्या फाइलमधून जातो, दुसऱ्याला नेटवर्कमधून. सॉकेटची फाइल भलत्या ठिकाणी असेल तर २००२ ही एरर येते, नेटवर्कने पोचता आलं नाही तर २००३. क्रमांकात एकाचाच फरक, पण शोधायच्या जागा दोन टोकांना.

पायऱ्यांची ही कल्पना सर्वांत स्वच्छ दिसते ती ओरॅकलच्या एररमध्ये. ओरा-१२१५४ : तुम्ही दिलेल्या नावाचा पत्ताच उलगडला नाही, म्हणजे अजून घरातच आहात. ओरा-१२५४१ : मशीनपर्यंत पोचलात, पण तिथे लिसनर, म्हणजे कनेक्शन घेणारा प्रोग्राम, नाही. ओरा-१२५१४ : लिसनर भेटला, पण तुम्ही सांगितलेली सेवा त्याला ठाऊक नाही. ओरा-०१०१७ : डेटाबेस भेटला, पण युजर किंवा पासवर्ड चुकीचा. दुरुस्ती करताना एरर १२१५४ वरून १२५१४ वर गेली, तर वैतागण्याचं कारण नाही. ती प्रगती आहे. नवी एरर आली की पहिला प्रश्न हाच विचारावा : आपण पुढे आलो की मागे गेलो?

तिसरी पायरी : सुरक्षित वाहिनी

पूर्वी ही पायरी अनेकदा वगळली जायची. आता अनेक ड्रायव्हर ती सहजासहजी गाळू देत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये एसक्यूएल सर्व्हरसाठी ओडीबीसी ड्रायव्हर १८ आणला आणि त्यात एन्क्रिप्शन मुळातच चालू ठेवलं. १७ वर निर्धोक चालणारं कनेक्शन १८ वर आल्यावर तक्रार करू लागलं : सर्टिफिकेट विश्वासू संस्थेने दिलेलं नाही. सर्व्हरवर काहीच बदललं नव्हतं. त्याचं स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट आधीपासून तसंच होतं. ते तपासायची सक्ती आता झाली. एप्रिल २०२१ च्या जावा अपडेटमध्ये टीएलएस या सुरक्षित वाहिनीच्या प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद झाल्या, तेव्हाही असंच घडलं. जुन्या मायएसक्यूएलशी बोलणारे प्रोग्राम ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ म्हणू लागले. शब्द नेटवर्क बिघडल्यासारखे आणि कारण एन्क्रिप्शनच्या आवृत्तीत. म्हणून एररची पहिली ओळ वाचून थांबू नये. जावाच्या लांबलचक एररमध्ये खाली ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी शेवटची ओळ असते, खरं कारण बहुधा तिथे सापडतं.

सर्टिफिकेट तपासू नका असं ड्रायव्हरला सांगणारं एक सेटिंग असतं आणि ते चालू केलं की एरर लगेच जाते. निदानासाठी काही मिनिटं ते जरूर वापरावं. पण मग आपण ज्याच्याशी बोलतो आहोत तो आपलाच सर्व्हर आहे याची खात्री उरत नाही. खरा उपाय म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट क्लायंटला ओळखीचं करून देणं आणि यूआरएलमध्ये सर्टिफिकेटवर आहे तेच नाव वापरणं.

चौथी पायरी : ओळख

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, कारण सर्व्हर इथे मुद्दाम कमी बोलतो. पोस्टग्रेसमध्ये नसलेल्या युजरच्या नावाने पासवर्ड दिला, तरी बाहेर दिसतं ते ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ एवढंच. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर क्लायंटला नेहमी ‘स्टेट १’ दाखवते. असा युजर नाही असं सर्व्हरने सांगितलं, तर घुसखोराला कोणती नावं खरी आहेत हे एकेक करून शोधता येईल. ही मुग्धता संरक्षणासाठी आहे.

पण सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये सगळं लिहून ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच १८४५६ पुढे ‘स्टेट ५’ असेल तर त्या नावाचं लॉगिनच नाही, ८ असेल तर पासवर्ड जुळला नाही, ७ असेल तर लॉगिन बंद केलेलं आहे, ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानतो आहे. पोस्टग्रेसचा लॉग तर नियमांच्या फाइलमधली कितवी ओळ लागू झाली तेही सांगतो. ओळखीची एरर आली की प्रोग्रामच्या पडद्याकडे टक लावण्याऐवजी सर्व्हरचा लॉग उघडावा. तो पाहण्याचा अधिकार नसेल तर ज्याला आहे त्याला वेळ आणि युजरचं नाव कळवून ओळ मागावी.

मायएसक्यूएलची १०४५ ही एरर मात्र एक मोलाची खूण बाहेरही देते. तिच्या शेवटी ‘युझिंग पासवर्ड’ असं लिहून पुढे ‘येस’ किंवा ‘नो’ असतं. ‘नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो सर्व्हरपर्यंत गेलेलाच नाही. सेटिंगची फाइल वाचली गेली नाही किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामं आहे. त्याच ओळीत युजरच्या नावापुढे ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि मशीनचं नाव असतं, तेही वाचावं. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव आणि तो कुठून आला ते ठिकाण, दोन्ही मिळून. लोकलहोस्टवरचा ‘अ‍ॅप’ आणि दुसऱ्या मशीनवरून आलेला ‘अ‍ॅप’ ही दोन वेगळी खाती असू शकतात, त्यांचे पासवर्ड आणि अधिकारही वेगळे.

पोस्टग्रेस कोणी कुठून कसं यावं हे ‘पीजी एचबीए’ नावाच्या फाइलमध्ये ओळी-ओळींनी लिहून ठेवतो. ती वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिली ओळ अंतिम ठरते. त्या ओळीच्या कसोटीत नापास झालात तर पुढची ओळ पाहिली जात नाही. त्यामुळे खाली कितीही अचूक ओळ घातली, तरी वरची ढोबळ ओळ आधी पकडत असेल तर उपयोग नाही. फाइल बदलल्यावर सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावं लागतं, हेही अनेकदा राहून जातं.

मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली झालं तसं स्थित्यंतर पोस्टग्रेसमध्येही झालं, पण जरा सावकाश. २०१७ च्या १० व्या आवृत्तीत ‘स्क्रॅम’ ही पद्धत आली आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत ती मूळ ठरली. स्क्रॅममध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही. तो आपल्याला ठाऊक आहे याचा पुरावा क्लायंट देतो, आणि सर्व्हरही आपली बाजू सिद्ध करतो. जुना जेडीबीसी ड्रायव्हर इथे ‘ऑथेंटिकेशन टाइप १०’ येत नाही म्हणतो, त्याला ४२.२.० किंवा पुढची आवृत्ती हवी. दुसरी गाठ जास्त फसवी आहे. नियमांच्या फाइलमध्ये स्क्रॅम लिहिलं, पण पासवर्ड पूर्वीच्या एमडी५ रूपात साठलेला असेल, तर अचूक पासवर्डही नाकारला जातो. एमडी५ च्या खुणेवरून स्क्रॅमची खूण बनवता येत नाही. पासवर्ड नव्याने ठरवून द्यावा लागतो, तोच ठेवला तरी चालतो.

मायएसक्यूएलच्या नव्या पद्धतीतही एक गूढ दडलेलं आहे. सर्व्हर पुन्हा सुरू केला की प्रोग्रामला ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ अशी एरर येते. मग कोणी कमांड लाइनवरून त्याच युजरने आत गेलं, की प्रोग्रामही आपोआप चालू लागतो. कारण पद्धतीच्या नावातच आहे, ‘कॅशिंग’. पहिल्या वेळी पूर्ण तपासणी होते आणि तिला सुरक्षित वाहिनी किंवा सर्व्हरची पब्लिक की लागते. ती एकदा झाली की सर्व्हर निकाल लक्षात ठेवतो आणि पुढच्यांची झटपट तपासणी करतो. सर्व्हर बंद झाला की ती आठवण पुसली जाते. प्रोग्रामचं कनेक्शन टीएलएसने होऊ दिलं की हा लपंडाव संपतो.

पासवर्डमधली अक्षरंही दगा देतात. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये ‘@’ या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे. पासवर्डमध्ये ते असेल तर ड्रायव्हर यूआरएल भलत्याच जागी तोडू शकतो. तिथे ‘%४०’ असं लिहावं लागतं, अर्थात इंग्रजी अंकांत. मराठीतून पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी : ‘तऱ्हा’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा ‘ऱ’ या अक्षराला हलंत जोडून, एकदा साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. मोबाइलच्या कीबोर्डवर ठरवलेला पासवर्ड संगणकाच्या कीबोर्डवरून जुळला नाही, तर कारण हे असू शकतं.

पाचवी पायरी : ओळख पटली, पुढे?

दोन-चार एरर ओळख पटण्याशी संबंधित नसतात, आणि त्यांना पासवर्डच्या एरर समजू नये. पोस्टग्रेसचा ३डी००० म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही. मायएसक्यूएलची १०४४ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं, पण या डेटाबेसचा अधिकार तुम्हाला दिलेला नाही. पोस्टग्रेसचा ५३३०० आणि मायएसक्यूएलची १०४० म्हणजे जागा भरल्या. मूळ मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १०० कनेक्शनची असते आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ ची. मर्यादा वाढवण्याआधी प्रोग्राम घेतलेली कनेक्शनं परत करतो आहे का ते पाहावं. गळती तशीच असेल तर मोठी मर्यादाही भरते, फक्त थोडी उशिरा.

दुरुस्ती कशी करावी

एररचा पूर्ण मजकूर आणि कोड लिहून घ्यावा. ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्या आवृत्त्या त्याच कागदावर. मग पायरी ओळखावी. ज्या मशीनवर प्रोग्राम चालतो त्याच मशीनवरून, त्याच युजरने, कमांड लाइनच्या क्लायंटने जोडून पाहावं. आपल्या लॅपटॉपवरून जुळलं म्हणून तिथूनही जुळेल असं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर एरर तीच आहे का हे पाहावं.

घाईत केलेले काही उपाय एरर नक्की घालवतात, पण त्यांची किंमत फार मोठी असते. नियमांच्या फाइलमध्ये ‘ट्रस्ट’ लिहिलं की पोस्टग्रेस पासवर्ड विचारतच नाही. फायरवॉल साऱ्या जगाला उघडला की टाइमआउट जातो, आणि मग सारं जग पोर्टवर येतं. प्रोग्रामला रूटचं खातं दिलं की अधिकाराची तक्रार संपते, आणि प्रोग्राममधल्या एका चुकीने सगळा डेटाबेस पुसला जाऊ शकतो. मायएसक्यूएलचा नवा सर्व्हर जुन्या पद्धतीवर परत नेणं हाही असाच उसना वेळ होता : ८.४ मध्ये, २०२४ साली, जुनी पद्धत मुळात बंद ठेवली गेली आणि त्याच वर्षीच्या ९.० मध्ये ती काढून टाकली. ज्यांनी २०१८ मध्ये ड्रायव्हर बदलला त्यांचं काम तेव्हाच संपलं. ज्यांनी सर्व्हर मागे नेला त्यांच्यासमोर तेच काम पुन्हा आलं.

या डेटाबेसमध्ये लोकांचे पगार असतात, रुग्णांचे अहवाल असतात, विद्यार्थ्यांचे गुण असतात. त्यांच्या वाटेवरची प्रत्येक तपासणी कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेली आहे. म्हणून जी पायरी अडली तीच दुरुस्त करावी आणि बाकीच्या होत्या तशा भक्कम राहू द्याव्यात. यासाठी पंधरा वर्षांचा अनुभव लागत नाही. कामावर नुकती रुजू झालेली मुलगीसुद्धा एरर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून आणि लॉगमधली एक ओळ मागून, नेमकं कुठे अडलं ते सांगू शकते.